तारखेचा रकाना

३ फेब्रुवारी

शहाण्यास,

"प्रिय" लिहिणार नाही. दोन वर्षं आपण बोलत नाही, आणि आज बोलतेय ते भावाचं प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे. फोन तू उचलत नाहीस. मेल तुझी कंपनी वाचते. राहिला कागद. दुसऱ्यांच्या यंत्रांची कुलपं किती कच्ची आहेत हे तपासण्यात जिचा जन्म गेला, तिला शेवटी पाकिटाला डिंक लावून पोस्टात टाकावं लागतंय. हस, काय हसायचंय ते.

सोमवारी प्रयोगशाळेत एक बाई आली. पस्तिशीची असेल. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेले कागद. शीतगृहात शिफ्ट ऑपरेटर आहे म्हणाली, म्हणजे होती. आता निलंबित आहे. तिथल्या भिंतींवर तुमच्या त्या पेट्या आहेत. अमोनिया सुटला की भोंगा वाजवणाऱ्या, पंखा सुरू करणाऱ्या आणि सगळी खबर ऑफिसातल्या पडद्यावर पोचवणाऱ्या. पेटीवरचा मॉडेल नंबर तिने इंटरनेटवर टाकला, आणि माझा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल निघाला. तोच अहवाल, ज्याला तू "बालिश" म्हणालास. तुझं नाक पुसलंय मी लहानपणी, आणि मी बालिश!

काय झालं ते ऐक. गेल्या महिन्यात, भर दिवसा, पाच नंबरच्या खोलीत एका व्हॉल्व्हमधून गॅस गळायला लागला. खोली बंद. दारावरचा दिवा हिरवा. भोंगा गप्प. आतलं काम करायला फिटर गेला, त्याने दिवा पाहिला, दार उघडलं आणि कोंडलेला गॅस थेट तोंडावर आला. थोडा वास तिथे रोजचाच असतो, त्यामुळे बाहेर कुणाला शंका आली नाही. त्याची छाती भाजलीय आणि डोळ्यांचं काय होणार ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. हा फिटर त्या बाईचा सख्खा धाकटा दीर. तिनेच खटपट करून त्याला तिथे चिकटवलं होतं.

आता तुझ्या कंपनीने काय केलं? पेटीतली नोंदवही छापून चौकशी समितीला दिली. त्यात लिहिलंय: गजर झाला, आणि "ऑपरेटर एक" यांनी तो मान्य करून भोंगा बंद केला. ऑपरेटर एक म्हणजे ही बाई. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. घरी सासू तिच्या हातचं पाणी घेत नाही. नवरा तिच्याशी फक्त मुलीच्या शाळेबद्दल बोलतो. भावाला आंधळं केलंस, असं तो एकदाच म्हणाला. पंचवीस तारखेला सुनावणी आहे. त्या दिवशी ती दोषी ठरली की नोकरी तर गेलीच, वर खटला.

मी तो कागद दोनदा वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गजर अकरा बेचाळीस आणि सात सेकंद. मान्य केला, अकरा बेचाळीस आणि सात सेकंद. त्यानंतर सहा वेळा गजर, आणि सहाही वेळा त्याच सेकंदाला मान्य! बाई आहे की वीज? आणि त्या मिनिटाला ही बाई खाली ट्रकच्या वजनकाट्यावर होती, ट्रकच्या वहीत तिची सही आहे. समितीने ती सही बघून "दोन मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात" असं म्हटलं.

आणखी एक. छापलेल्या कागदावर वेळ आहे, पण तारखेचा रकाना नाही. तुमच्या नोंदवहीत तारीख पहिल्या रकान्यात असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तो रकाना कुणी उडवला? त्या दिवशी पेटीने कुठली तारीख लावली होती, ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं?

कुठल्या गाढवाने ते लिहून ठेवलंय पेटीच्या पोटात, ते तुला माहीत आहे. सरळ जा आणि वर सांग. पंचवीसच्या आत.

– ताई


९ फेब्रुवारी

भावा,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाकीट मोठं, आत दीड ओळ. "ताई, प्रकरण वकिलांकडे आहे. मला यात ओढू नकोस." वा! कानावर हात ठेवायला तुला कुणी शिकवलं? घरात तर कुणाला येत नव्हतं.

मग ओढतेच तुला. ऐक.

त्या बाईला मी काल परत बोलावलं. माझ्या कपाटात तुमची एक पेटी आहे, अहवालाच्या वेळी विकत घेतलेली. ती टेबलावर लावली. फरशी पुसायच्या अमोनियाची बाटली आणली, झाकणात थोडा ओतला, पेटीच्या जाळीखाली धरला. भोंगा असा वाजला की शेजारच्या खोलीतला आमचा शिपाई काठी घेऊन धावत आला. ठीक आहे, पेटी चांगली. नंतर लॅपटॉपवरून तिला एक निरोप पाठवला: आज आठ वर्षांपूर्वीची अमुक तारीख आहे. पासवर्ड नाही, सही नाही, "तू कोण गं बाई?" एवढंसुद्धा विचारणं नाही. पेटीने ऐकलं. पुन्हा झाकण धरलं. दिवा हिरवा. भोंगा गप्प. पडद्यावर ओळ उमटली: गजर, ऑपरेटर एक यांनी मान्य केला.

टेबलापाशी आम्ही दोघीच होतो आणि दोघींचे हात मांडीवर होते.

ती पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे मी नाही." आणि खुर्ची समोर असताना खाली फरशीवर बसली. तिला पाणी दिलं, ते तिने पिऊन टाकलं, ग्लास हातातच ठेवला. म्हणाली, "मॅडम, मला वाटायला लागलं होतं की मीच केलं असेल. सगळे म्हणतात म्हटल्यावर. येताजाता हात लागला असेल, असं." ऐकतोयस? एक माणूस आपल्याच हातावर शंका घ्यायला लागलं.

शीतगृहात ही जुनी तारीख कुठून आली, तेही शोधलं. त्या सकाळी ऑफिसातलं इंटरनेटचं डबडं बदललं होतं. नवीन डबडं, बाहेरची लाइन अजून जोडायची होती. अशी डबडी बाहेरून खरी वेळ मिळेपर्यंत कुठलीतरी जुनीपुराणी तारीख धरून बसतात आणि विचारेल त्याला तीच सांगतात. तुमच्या पेट्यांनी विचारलं, त्याने सांगितलं, त्यांनी मान डोलावली. चोर नाही, दरोडेखोर नाही, कुणी वैरी नाही. डबडं बदलणारा माणूस त्यात वाजले किती तेवढं हाताने लावून, तारीख तशीच ठेवून चहाला गेला होता.

हेच मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. तुमची पेटी वेळ कुणाकडूनही घेते. त्यावर तुझ्या सहीचं उत्तर आलं: "वेळ चुकल्याने उपकरणाच्या कामावर कोणताही परिणाम होत नाही." पाठोपाठ वकिलाची नोटीस, बदनामीची. त्या नोटिशीला जोडलेल्या तांत्रिक मतावरही तुझीच सही! सख्ख्या बहिणीवर! मी ती नोटीस अजून ठेवलीय, रागावायला वेळ कमी पडला की काढून वाचते.

मी समितीला पेटी दाखवणार आहे. पण तुमचा वकील म्हणेल की ही जुनी पेटी, बाईने उघडून काहीतरी केलंय तिला. बाजारातल्या प्रत्येक पेटीच्या प्रोग्राममध्ये ती भोंगा गप्प करणारी ओळ आहे, हे कंपनीच्या माणसाने म्हणायला हवं. असा माणूस मला एकच माहीत आहे.

– ताई


१५ फेब्रुवारी

या वेळी चांगलं चार पानांचं लिहिलंस. आभारी आहे. वाचून जेवण गेलं नाही.

तू लिहितोस, "ताई, तू गप्प बस. पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये मी ती ओळ गुपचूप काढून टाकतो. सगळ्या पेट्या आपोआप दुरुस्त होतील. कुणाला कळणार नाही, कुणाचं नुकसान नाही."

कुणाचं नुकसान नाही? अरे, ओळ पेटीतून काढशील, त्या बाईला कशातून काढशील? उलट पुरावाच पुसला जाईल. पुढच्या महिन्यात कुणीही पेटी तपासली तर ती साधीभोळी निघणार, आणि बाई कायमची खोटी. याला दुरुस्ती म्हणतात का रे? आमच्या धंद्यात गुपचूप दुरुस्तीचे असले प्रकार वर्षाला पन्नास बघते मी. भोक बुजवायचं आणि भोक कधी नव्हतंच म्हणायचं. त्यातून पडलेल्याने स्वतःच धडपडलो म्हणायचं. आणि या महिन्याभरात दुसरीकडे कुणी डबडं बदललं तर?

आणि शेवटच्या पानावर तू लिहिलंस, "ती ओळ कुणाची होती, आणि बाबांसाठी होती, आठवतं ना?"

आठवतं.

मला वाटलं होतं तू हे लिहिणार नाहीस. लिहिलंस ते बरं झालं. मी पहिल्या पत्रात गाढव म्हटलं ते कुणाला, ते मलाही माहीत होतं. हो, गाढव मी.

आठ वर्षांपूर्वीचं आपलं वर्कशॉप, त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबलावर चाळीस पेट्या चाचणीला लावलेल्या, मागच्या खोलीत बाबा. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. एकेक पेटी गॅस देऊन तपासायची म्हणजे एकेक भोंगा. प्रत्येक भोंग्याला बाबा दचकायचे, चांगला हात कानावर ठेवायचे. दुसऱ्या कानाला हात नव्हता. तू म्हणालास, चाचणी दुसरीकडे करू. दुसरीकडे कुठे करणार होतो आपण? तेव्हा मी म्हणाले, की टेबलावरच्या पेट्यांना खरी तारीख कुठे असते? त्या आतल्या घड्याळाच्या जन्माच्या, जुन्या तारखेवरच असतात. मग तारीख जुनी दिसली की पेटीने समजावं आपण टेबलावर आहोत, आणि गजर स्वतःच मान्य करावा. नोंदीसाठी नाव हवं, तर यादीतला पहिला ऑपरेटर टाक. बाहेर गेली की खरी तारीख मिळेल, भोंगा वाजेल. किती हुशार वाटले होते मी स्वतःला! तू वीस मिनिटांत लिहून दिलंस. बाबांना त्या दुपारी झोप लागली.

वहीत आपण लिहिलं होतं, माल बाहेर जाण्याआधी काढणे. तुझ्या अक्षरात. मग बाबा गेले, मग कंपनीने वर्कशॉप घेतलं, मी संशोधनाकडे आले, तू पेट्यांबरोबर गेलास. काढायचं काम माझं की तुझं, यावर मी आता भांडणार नाही. भांडायला मला खूप आवडेल, पण नाही.

तू बाबांचं नाव मध्ये आणून मला गप्प करू बघतोस, याचा मात्र फार राग आला. बाबांना त्रास नको म्हणून आपण भोंगा बंद केला, यात पाप नव्हतं. तो बंद ठेवला, हे पाप. आणि त्या पापाला आपण दुसऱ्याच बाईचं नाव लावलं.

समितीला मी माझं नाव सांगणार आहे. कल्पना माझी, असं लेखी. संस्थेने मला घरी बसवलं तर बसेन. तुझं नाव मी घेणार नाही. ते घ्यायला तुला तोंड आहे.

– ताई


२२ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. ठीक.

उरलेलं लिहून टाकते, नाहीतर माझा सगळा संताप म्हणजे नाकाने कांदे सोलणं ठरेल.

दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात मी लिहिलं की पेटी कुणाकडूनही वेळ घेते. वेळ चुकली की काय होतं, हे लिहिलं नाही. का नाही लिहिलं? सगळ्यांना सांगत आले की त्याचा अभ्यास पुढच्या टप्प्यात करणार होतो. खोटं आहे. मला ती ओळ आठवत होती. जुनी तारीख पाठवून बघायला चार मिनिटं लागली असती. या महिन्यात त्या बाईसमोर तेवढीच लागली. तेव्हा मी बघितलं नाही, कारण दिसेल अशी भीती होती. विभागप्रमुख होऊन महिनाच झाला होता. मी मनाशी म्हटलं, त्याने काढली असेल. आणि तू मनाशी म्हटलंस, ताई काही बोलली नाही म्हणजे विसरली असेल.

"कामावर कोणताही परिणाम होत नाही" असं तू लिहिलंस, तेव्हा हे खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. मी बालिश या शब्दावर दोन वर्षं चिडले. त्याच्या आदल्या वाक्यावर चिडायला हवं होतं, पण ते मला सोयीचं होतं. तुमच्या लोकांनी माझा अहवाल सर्वांत खालच्या दर्जाचा ठरवून फायलीत ढकलला, आणि मी त्यांच्या नावाने बोटं मोडत सुटकेचा श्वास घेतला. एक पान जास्त लिहिलं असतं तर तो मुलगा आज पाच नंबरचं दार उघडून, वास आला म्हणून शिव्या देत मागे पळाला असता. छे, दार उघडायची वेळच आली नसती. भोंगा वाजला असता.

त्या बाईला हे मी अजून सांगितलेलं नाही. परवा फोनवर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं." एवढी तोंडाळ मी, मूग गिळून बसले.

पंचवीसला सकाळी दहा वाजता, दुसरा मजला.

– ताई


२६ फेब्रुवारी

बाळा,

काल तिथे बोलता आलं नाही. तुझ्याभोवती तुझ्याच लोकांचं कडं होतं, आणि त्यातला एकही तुझ्याकडे बघत नव्हता. म्हणून हे पत्र माणसाच्या हाती पाठवतेय.

तू कंपनीच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसलास, तेव्हा मी आशा सोडली होती, खरं सांगते. मी पेटी दाखवली, तारीख पाठवली, भोंगा गप्प झाला. कल्पना माझी होती हे सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं न लिहिलेलं पानही सांगितलं. तुमचा वकील उठला आणि बरोब्बर तेच बोलला: "ही जुनी, उघडलेली पेटी आहे. बाजारातल्या पेटीत असं काहीही नाही. आमचे मुख्य अभियंता इथे आहेत." आणि तुझ्याकडे वळून हसत म्हणाला, "हो ना, साहेब?" त्याला वाटलं हे सोपं काम आहे.

तू उभा राहिलास. पाण्याची बाटली तुझ्या हातातून पडली, ती घरंगळत अध्यक्षबाईंच्या टेबलापर्यंत गेली, आणि कुणी उचलली नाही. तू म्हणालास, "आहे. प्रत्येक पेटीत आहे. लिहिली मी, काढली नाही मी. आणि छापताना तारखेचा रकाना माझ्यासमोर उडवला." वकिलाने तुझी बाही ओढली. तू बाही सोडवून घेतलीस. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं.

निकाल तू निघून गेल्यावर वाचला. बाई निर्दोष, कामावर परत. पेट्या बदलेपर्यंत सगळीकडे हातात गॅसचं मोजयंत्र घेतलेला माणूस उभा करायचा, आणि रकाना उडवणाऱ्यांची वेगळी चौकशी. माझ्या संस्थेने आज सकाळी बोलावलं होतं. विभाग काढून घेतला. नोकरीचं बघू म्हणाले. तुझं काय झालं?

पण पत्र त्यासाठी नाही.

बाहेर जिन्यात ती बाई मला भेटली. मला वाटलं गळ्यात पडेल. ती दोन पायऱ्या खाली उभी राहिली आणि म्हणाली, "दोन वर्षं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि त्या दिवशी मी तुमच्या फरशीवर बसले होते, तेव्हाही?"

"हो."

शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. तिने दिल्या नाहीत. हातातला समितीचा कागद पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. म्हणाली, "हा कागद मी घरी दाखवीन. सासूबाई वाचतील, नाही वाचतील. नवरा वाचेल. पण माझ्या दिराला मी स्वतःच्या हाताने वाढून मोठा केलाय. लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो अजूनही समजतो की वहिनीने भोंगा बंद केला. मी दवाखान्यात गेले की भिंतीकडे तोंड करतो. मी सांगितलेलं त्याला स्वतःची सोडवणूक वाटेल. तुम्ही सांगा. ज्यांनी बंद केला त्यांनी." आणि खाली निघून गेली. जाताना वळून म्हणाली, "रविवारी अकरा वाजता आत सोडतात."

मी जाणार आहे. काय बोलायचं ते चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. सगळ्यात "चाचणी", "प्रणाली", "त्रुटी" असले शब्द येत होते. तो मुलगा तेवीस वर्षांचा आहे. त्याला इतकंच सांगायचंय की तुझी वहिनी खाली काट्यावर होती, भोंगा आम्ही बंद केला होता, आठ वर्षांपूर्वी, आणि परत चालू करायचा राहिला. एवढं म्हणून त्याला जे बोलायचं असेल ते ऐकून घ्यायचं.

तू ये. काल बोललास तसा ये. दाराशी माझ्यामागे उभा राहून चालणार नाही. त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या आहेत, तू आलायस हे त्याला कळणार नाही. तोंडाने सांगावं लागेल.

– ताई